उलटं चित्र, सुलटा आवाज



'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, गावात उघड्यावर सिनेमा लागलेला, ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडावर 'यादों की बारात' चाललेला. कापडाच्या पुढे गावातली मानाची मंडळी बसली आहेत. ज्यांना त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची मुभा नाही ती माणसं कापडाच्या मागे आहेत. कापड पातळ असल्यामुळे चित्र त्यांनाही दिसतं, फक्त उलटं दिसतं. उजवा हात डावा होतो, डावीकडून आलेला माणूस उजवीकडून येतो. आशुतोष गोवारीकरांनी ही मांडणी जातीची भिंत दाखवायला योजली आहे आणि ती नेमकी लागू पडते. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. मागे बसलेल्यांना चित्र उलटं दिसतं, गाणं मात्र उलटं ऐकू येत नाही. कापडाला पुढची आणि मागची बाजू आहे, आवाजाला नाही. पुढच्यांच्या आणि मागच्यांच्या कानांवर एकच सूर, एकाच वेळी, एकाच क्रमानं पडतो.

आजचा विषय चित्रपटातला आवाज, संगीत आणि निवेदन यांचा भावाशी असलेला संबंध हा आहे. या विषयावर बोलताना आपण नेहमी एक सोपं गृहीत धरून चालतो. चित्र म्हणजे मूळ पदार्थ आणि संगीत म्हणजे वरून घातलेली फोडणी. प्रसंग दुःखाचा असेल तर व्हायोलिन, भीतीचा असेल तर ढोल. 'पार्श्वसंगीत' या आपल्या शब्दानंच निम्मा घोटाळा करून ठेवला आहे, कारण त्यातून संगीताची जागा मागे कुठेतरी, पाठीशी असल्यासारखी वाटते. मला याच्या उलट म्हणायचं आहे. चित्रपटातला आवाज भाव ओतत नाही. तो आधी आपली जागा ठरवतो. आपण कुठे आहोत, कोणाच्या शेजारी उभे आहोत, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे कान ठरवतो. भाव त्या जागेतून उगवतो. हे सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत इतका विपुल आहे, की बाहेर फारसं जावंच लागत नाही.

'स्वदेस'मधलं ते गाव चित्रपटात चरणपूर आहे आणि उत्तर प्रदेशात आहे. प्रत्यक्षात ते मेणवली आहे, वाईपासून हाकेच्या अंतरावर, नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट असलेलं. वाईला दक्षिण काशी म्हणतात. हिंदी चित्रपटवाल्यांनी हे विशेषण जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसतं. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मध्ये (२००३) हा परिसर बिहारमधलं तेजपूर होतो, 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशातलं लालगंज होतो, 'इश्किया'त गोरखपूरच्या बाजूचा मुलूख होतो, 'ओंकारा'तही (२००६) इथली दृश्यं आहेत. डोळ्यांना काय दिसतं? तोच काळा दगड, त्याच पायऱ्या, सह्याद्रीचे तेच सपाट माथ्याचे डोंगर. गंगेच्या मैदानात असा डोंगर औषधालाही सापडायचा नाही. भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेला प्रेक्षक पहिल्याच दृश्यात चोरी पकडेल. तरीही कोट्यवधी प्रेक्षकांनी ती पकडली नाही, कारण त्यांचे कान उत्तर प्रदेशात होते. बोलण्याचा हेल तिकडचा, शिव्या तिकडच्या, गाण्यांची ठेवण तिकडची. जिथे मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे त्या गावाच्या हवेतून मराठीचा एकेक शब्द निपटून काढला, की वाई लालगंज होते. डोंगर हलवावा लागत नाही. याला एक अधिकृत शिक्काही मिळालेला आहे. 'ओंकारा'ला आणि 'इश्किया'ला, दोन्ही चित्रपटांना, ध्वनिआलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'इश्किया'च्या बाबतीत तर प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही गौरव झाला. आपल्या गावाला दुसऱ्या गावाचं नाव मिळवून देणारी ही कला परीक्षकांनी ओळखली.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला मिरजेला जावं लागेल. गाणं शिकणाऱ्यांना मूर्च्छना ठाऊक असते. भूप रागाचे पाच स्वर घ्या: सा, रे, ग, प, ध. पेटीवर त्याच पाच पट्ट्या दाबायच्या, एकही बदलायची नाही. फक्त गंधाराला षड्ज, म्हणजे सा, माना. जो भूप होता तो मालकंस होतो. पट्ट्या त्याच, कंपनं तीच, पण कुठल्या स्वराला घर मानायचं ते बदललं आणि संध्याकाळचा प्रसन्न राग मध्यरात्रीचा गंभीर राग झाला. यात कुठलाही स्वर 'दुःखी' किंवा 'आनंदी' नव्हता. भाव स्वरात नव्हता, तो षड्जापासूनच्या अंतरात होता. आणि षड्ज ठरवतो कोण? तंबोरा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून अधिक काळ हे वाद्य घडतं आहे. पंढरपूरकडचा भोपळा, लाकडी दांडी, चार तारा. पण तंबोऱ्याचा प्राण त्याच्या घोडीवर असतो. घोडीचा माथा कानसून जरासा उताराचा केलेला असतो, त्याला जवारी काढणं म्हणतात. तार आणि घोडी यांच्या मध्ये एक बारीक दोरा सारतात. तो केसभर पुढे-मागे केला की मुकी वाटणारी तार एकदम उमलते, एका आघातातून स्वरांचा झुबका बाहेर पडतो. तबलीवर कारागीर वाकून तो दोरा सरकवत असतो तेव्हा बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. ऐकणाऱ्याला मात्र खोलीच बदलल्यासारखी वाटते. मैफिलीत तंबोऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण तो मध्येच थांबला तर गवई आणि श्रोता दोघांच्याही पायाखालची जमीन सरकते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज हे घर मानलं आणि त्यांची कबरही तिथल्याच दर्ग्यात आहे. त्यांच्या गायकीत सुराचं जे मोल आहे ते तंबोऱ्याशिवाय सांगताच येणार नाही.

चित्रपटातला आवाज हा असा तंबोरा आहे. दृश्य म्हणजे पट्ट्या, आवाज म्हणजे षड्ज. रिकाम्या खोलीत खिडकीशी उभी असलेली बाई एवढंच दृश्य घ्या. बाहेरून शाळा सुटल्याचा गलका आला तर ती आई आहे, वाट बघते आहे. त्याच दृश्यावर दूरचा सनई-चौघडा ऐकू आला तर ती त्या लग्नाला न बोलावलेली कोणीतरी आहे. नुसतं नळाचं टपटप ऐकू आलं तर घरात आणखी कोणी नाही. बाईच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. शिवाय सनई हे आपल्याकडे मंगलवाद्य आहे, तरीही या दृश्यात तिनं काळजात कळ उठते. म्हणजे वाद्याला ठरावीक भाव चिकटलेला नसतो. ते आपल्याला लग्नघराच्या बाहेर उभं करतं आणि बाकीचं आपण करतो. हलगीचंही तसंच आहे. कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात ती अंगात वारं भरते, आणि तीच हलगी प्रेतयात्रेपुढेही वाजते. कातडं एकच, दोन काठ्याही त्याच.

इथे सांगलीचा दाखला अटळ आहे, कारण दृश्य आणि आवाज वेगळे करून पुन्हा जोडण्याचा प्रयोग सांगलीत चित्रपटाच्या कितीतरी आधी झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात 'सीतास्वयंवर' उभं केलं. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून आपण हा दिवस साजरा करतो आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो, पण त्या नाटकाची बांधणी कशी होती याकडे फारसं बघत नाही. त्यात कथा पात्रं सांगत नव्हती. कथा सूत्रधार सांगत होता. तो आणि त्याचे साथीदार मृदंगाच्या साथीवर पदं म्हणत. त्या पदांमधून कोण आलं, का आलं, आता काय घडणार हे कळे, आणि पात्रं त्यावर अभिनय करीत, पदाला धरून ऐन वेळी सुचेल तसं बोलत. म्हणजे एका बाजूला हलणारं चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याला अर्थ देणारा गाता आवाज. चित्रपटाची शरीररचनाच आहे ही. गंमत अशी, की पुढच्या काळात लोकांनी या नाटकांना जी थट्टेची नावं ठेवली ती दिसण्यावरून नव्हती. 'तागडथोम' हे मृदंगाच्या बोलांवरून आणि 'अललडुर्र' हे राक्षसांच्या आरोळ्यांवरून. राक्षसाचे मुखवटे, रंगवलेले चेहरे, झगमगते पोशाख हे सगळं विसरून लोकांनी नाव ठेवलं ते कानात राहिलेल्या गोष्टीचं. नाव ठेवणारे नाटकाचे टीकाकार होते हे मान्य. पण टीकाकारालाही जे आठवतं तेच खरं उरलेलं असतं.

भाव्यांचा सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा असे. तो कोण आहे, कोणाच्या बाजूनं बोलतो आहे, हे सर्वांना दिसत होतं. चित्रपटानं सूत्रधार काढून टाकला असा समज आहे. माझ्या मते त्यानं तो काढला नाही, लपवला. पार्श्वसंगीत, आसमंताचे आवाज, पडद्याबाहेरून येणारं निवेदन ही त्याच सूत्रधाराची तीन रूपं आहेत. फरक एवढाच, की आता तो समोर दिसत नाही, त्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मूकपटाचं काय? आवाज नसताना माणसं रडली नाहीत का? रडली, आणि आपल्याच भागातल्या चित्रपटानं रडली. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५चा, कोल्हापुरात केलेला, सावकारानं नागवलेल्या शेतकऱ्याची कथा. त्यात शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. मूकपटाच्या थिएटरात पेटी-तबला वाजत असे, पडद्यावरची अक्षरं कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवी, हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि ते पुरेसं नाही, कारण वाजणारी पेटी चित्रपटाची नव्हती, थिएटरची होती. अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे. चित्रपट-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी अनेक वर्षांनंतर आठवण लिहिली तेव्हा हा मूकपट त्यांना अंधुकच आठवत होता. मनात राहिलेलं दृश्य होतं ते पेंटरांनीच पुढे केलेल्या त्याच्या बोलपट आवृत्तीतलं, अंधारातल्या एका उदास झोपडीचं आणि विव्हळणाऱ्या कुत्र्याचं. कुत्र्याचं विव्हळणं! मूकपटात तो आवाज प्रेक्षकाला स्वतःच्या पदरचा घालावा लागला असता, बोलपटात तो कानावर आला आणि दृश्य कायमचं मनात राहिलं. पेंटर चित्रकार होते, त्यांच्याइतकी डोळ्याची जाण त्या काळी क्वचितच कोणाला होती. तरी त्या झोपडीचं ओसाडपण दाखवायला त्यांना कानाकडे उधारी करावी लागली. म्हणून मूकपट हा माझ्या म्हणण्याला अपवाद ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांगल्या दृश्याला संगीताची गरजच नसते, संगीत ही कमकुवत दिग्दर्शकाची कुबडी आहे, असं जाणकार म्हणतात. त्यांच्या बाजूनं सर्वांत मोठा साक्षीदार मीच उभा करतो, कारण तो याच मातीतला आहे. नारायण हरी आपटे हे कादंबरीकार जन्मले सांगली जिल्ह्यातल्या समडोळीला आणि आयुष्य काढलं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'प्रभात' फिल्म कंपनीनं १९३७ साली 'कुंकू' काढला, हिंदीत 'दुनिया न माने'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचं. काकासाहेब या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, एवढी ही कथा. बोलपट आल्यापासून चित्रपट म्हणजे गाण्यांची रास असं समीकरण झालेलं असताना शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, पण जिथे गाणं आहे तिथे ते त्या घरात खरोखर गाता येईल, वाजवता येईल असं. नीरा झालेल्या शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात तीही ग्रामोफोनच्या साथीनं. बाकी सगळा वेळ घराचे आवाज.

आणि त्या आवाजांत एक घड्याळ आहे. काकासाहेबांच्या घरातलं लंबकाचं मोठं घड्याळ. त्याची टिकटिक हे चित्रपटातलं खरं संगीत आहे, असं मी म्हणेन. पार्श्वसंगीत असतं तर त्यानं आपल्याला सांगितलं असतं की नीरेची कीव करा. घड्याळ असं काही सांगत नाही. ते फक्त मोजतं. नीरेला ते तुरुंगातले दिवस मोजल्यासारखं ऐकू येतं आणि काकासाहेबांना आपलं उरलेलं आयुष्य मोजल्यासारखं. एकाच टिकटिकीत दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात, आणि प्रेक्षक बसलेला आहे त्या दोघांच्या मध्ये, त्याच खोलीत, उठून जायची सोय नसलेला. केशवराव दाते यांनी उभा केलेला म्हातारा खलनायक वाटत नाही, त्याचं एक कारण हे घड्याळ आहे. ते त्याचंही वैरी आहे. शेवटी स्वतःच्या हातानं काकासाहेब तो लंबक थांबवतात. पुढे काय होणार ते चेहऱ्यावरून कळायच्या आधी आवाज थांबल्यावरून कळतं. ज्यांना 'कुंकू'मध्ये संगीत नाही म्हणून तो आवाजावाचून उभा आहे असं वाटतं त्यांनी हा प्रसंग कान बंद करून बघावा. एक म्हातारा भिंतीवरच्या घड्याळाशी काहीतरी करतो आहे, एवढंच दिसेल. संगीत काढलं म्हणजे आवाज काढला असं होत नाही. शांतारामांनी गवई उठवला आणि तंबोरा तसाच चालू ठेवला.

हाच प्रयोग पुढे जगात इतरत्रही झाला. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांच्या आवाजांची रचना आहे. पण 'सायको'च्या न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्यालाही मुळात संगीत नको असं त्याच हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांचा तुकडा बांधून ऐकवला आणि दिग्दर्शकानं मत बदललं. म्हणजे 'संगीत नको' हाही नियम नाही. नियम एवढाच, की दृश्याचा षड्ज कोणीतरी लावायला हवा. तो घड्याळानं लागेल, पक्ष्यानं लागेल किंवा व्हायोलिननं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. आवाज जर इतकं सगळं ठरवत असेल, आणि तेही आपल्या नकळत, तर ही फसवणूक नाही का? वाईला लालगंज म्हणून खपवणं ही निदान निरुपद्रवी फसवणूक. पण श्रद्धा, राग, द्वेष हे सगळं असंच खपवता येईल. येतं. नाकारण्यात अर्थ नाही. 'प्रभात'च्याच 'संत तुकाराम'मधला (१९३६) एक दाखला इथे बोलका आहे. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद लिहिलं, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली आणि विष्णुपंत पागनिसांनी ते गायलं. ते पद तुकोबांचा अस्सल अभंग आहे असं भल्याभल्यांना वाटलं. गाथा पालथी घातली तरी ते सापडणार नव्हतं. शब्दांची ठेवण सरस होतीच, पण शब्दांना तुकोबांच्या नावावर चढवलं ते चालीनं आणि पागनिसांच्या गळ्यानं. वारकरी कीर्तनात ज्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलेली होती, तो आवाज ऐकल्यावर कोणी कागद मागितला नाही. एका सुंदर पदाच्या बाबतीत हे झालं म्हणून आपण कौतुकानं सांगतो. पण यंत्रणा तीच, माल कुठलाही.

म्हणून मला फसवणूक आणि रचना यांत भेद करावासा वाटतो. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो, मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो, आणि मुलगी गेलेली आहे. आईचं, सर्वजयाचं, तोंड हंबरड्यासाठी उघडतं, पण ऐकू येते ती तारशहनाई. आईचा आवाज काढून घेऊन तिथे वाद्य ठेवलं आहे. हे उघड आहे, लपवलेलं नाही. खरी आई असं रडत नाही हे प्रेक्षकाला कळतं, आणि ते कळूनच त्याचा घसा दाटतो. दिग्दर्शकानं आपल्याला तिच्या दुःखात ओढलं नाही. ज्याला दुसऱ्याचं दुःख ऐकवत नाही अशा माणसाच्या अंतरावर त्यानं आपल्याला ठेवलं. भाव्यांचा सूत्रधार रंगमंचावर दिसत होता, तसाच इथे आवाज स्वतःला दिसू देतो. उलट, जो आवाज आपण आवाज आहोत हे कळूच देत नाही, पडद्यावर काही सिद्ध व्हायच्या आधीच आपल्याला एका बाजूला नेऊन बसवतो, त्याच्याबद्दल सावध असावं. बातम्यांमागे वाजणारं संगीत हा त्याचा आजचा सर्वांत निर्लज्ज प्रकार आहे, पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

एक आक्षेप कोणी फारसा घेत नाही, मला स्वतःला मात्र तो अडचणीचा वाटतो. मेणवलीच्या घाटावर देवळाजवळ एक मोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी ज्या पोर्तुगीज घंटा आणल्या त्यांपैकी ती एक. तिच्यावर माता मेरी आणि बाळ येशूची आकृती अजून दिसते. वसईला ती प्रार्थनेला बोलावत होती, इथे आल्यावर ती देवाची घंटा झाली. धातू बदलला नाही, नाद बदलला नाही. मग इथे आवाजानं जागा ठरवली की जागेनं आवाज ठरवला? माझा सगळा युक्तिवाद इथे उलटा पडतो असं वाटेल. मला वाटतं, तो अर्धा उलटा पडतो आणि तेवढा पडू द्यावा. आवाजाला अर्थ येतो तो ऐकणाऱ्यांच्या सवयीतून. घंटा देवळात किती पिढ्या ऐकली त्यावर ती देवळाची होते. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों म्हणतात की चित्रपटात आवाज चित्राला जादा मोल देतो आणि प्रेक्षकाला ते मोल चित्रातच होतं असं वाटतं. मेणवलीची घंटा त्यात एक पुरवणी जोडते. ते जादा मोल आवाजाकडे तरी येतं कुठून? आपल्याकडून, आपण आधी ऐकलेल्या सगळ्यातून. म्हणून सातारच्या प्रेक्षकाचा कान आणि लखनौच्या प्रेक्षकाचा कान एकच चित्रपट सारखा ऐकत नाहीत. 'दबंग' वाईच्या थिएटरात लागला तेव्हा तिथल्या माणसानं आपला घाट ओळखला असणार आणि परक्या बोलीत तो बघताना हसूही आलं असणार. त्याचा षड्ज आधीच लागलेला होता.

निवेदनाबद्दल थोडक्यात. पडद्याबाहेरच्या निवेदकाबद्दल चित्रपटवाल्यांत एक तुच्छता आहे. जे दाखवता येत नाही ते सांगून टाकलं, असा तिचा सूर असतो. पुष्कळदा ती योग्यही असते. दिसणारीच गोष्ट पुन्हा सांगणारा निवेदक हा ओझं असतो. पण शाहीर अण्णाभाऊ साठ्यांच्या वाटेगावच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हा आक्षेप अपुरा वाटेल, कारण तिथे पोवाडा आहे. शाहीर लढाई सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांना लढाईचा निकाल आधीच ठाऊक असतो. तो माहिती देत नसतो. तो डफावर थाप मारून आपण कोणाच्या बाजूनं उभे आहोत ते सांगत असतो, आणि मागचे झीलकरी ओढून धरलेल्या सुरात त्याला दुजोरा देतात. निवेदनाचं काम माहिती देणं नसून भूमिका घेणं आहे. २०१५च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात कथा सांगते ती प्रत्यक्ष कट्यार, रीमा लागू यांच्या आवाजात. दोन घराण्यांच्या भांडणात माणसांपैकी कोणीही निवेदक झालं असतं तर तो एका बाजूचा ठरला असता. शस्त्राला बाजू नसते, ज्याच्या हाती पडेल त्याचं ते. म्हणून सगळ्यांबद्दल दुःख करायचा अधिकार त्याच आवाजाला मिळतो.

नागराज मंजुळे यांनी या सगळ्याची दोन टोकं दाखवली आहेत. 'फँड्री'त निवेदक नाही. डुक्कर पकडायला आख्खं कुटुंब धावतं आहे, गावातली पोरं आणि मोठी माणसं हसताहेत. डुक्कर हातात येण्याच्या बेतात असतानाच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. कुटुंबातला मुलगा जब्या जागच्या जागी सावधान उभा राहतो, मग बापही. डुक्कर निघून जातं. त्या क्षणी पडद्यावर संगीत आहे, पण ते भाव वाढवायला कोणी वरून घातलेलं नाही, ते शाळेच्या आवारातून येतं. ज्यांना गाव आपलं मानत नाही त्यांना ते गीत आपल्यात उभं करतं, आणि त्याच वेळी त्यांच्या हातचं काम घालवतं. हसावं की काय करावं ते प्रेक्षकाला कळत नाही. त्याची जागा एकाच वेळी दोन ठिकाणी ठरवली गेली आहे, कापडाच्या पुढे आणि मागे.

'सैराट'मध्ये (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या विहिरी-बागांवरून तो वाद्यवृंद पूर आल्यासारखा वाहतो आणि दोन पोरांचं प्रेम आभाळाएवढं होतं. अनेक थिएटरांत लोक खुर्च्यांमधून उठून नाचले. शेवटच्या दृश्यात लहान मूल घरात येतं, आईबापांपाशी जातं, मागे फिरतं, आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे दारापर्यंत उमटत जातात. तिथे काहीच नाही. वाद्य नाही, वारा नाही, रस्त्यावरचा आवाजसुद्धा नाही. काही जण म्हणतील, हा तर माझ्या विरोधातला पुरावा, सर्वांत मोठा भाव आवाजाशिवाय उभा राहिला. पण अडीच तास ज्या कानांत तो वाद्यवृंद भरला होता त्यांनाच ही शांतता ऐकू येते. तंबोरा मध्येच थांबला की काय होतं ते आधी सांगितलं. आता थिएटरात ऐकू येतो तो फक्त थिएटरचा आवाज. पंखा, कोणाची खुर्ची, शेजारच्याचा श्वास, ज्यांनी तासाभरापूर्वी नाचून घेतलं तीच माणसं. पडद्यावरचं मूल रडतं आहे, आणि त्याचं रडणं आपल्याला ऐकू दिलेलं नाही.